चार बोटं नळी

वर्ध्याला माझ्या मामाचं दुकान होतं. दुकानावर पाटी होती आणि पाटीवर दोन चित्रं: डावीकडे चरखा, उजवीकडे बंदूक. ज्या गावानं सगळ्या देशाला अहिंसा शिकवली, त्या गावात ही दोघं एका पाटीवर सुखानं नांदत होती, कारण चरख्याची चाती सरळ करणारा आणि बंदुकीचा घोडा बसवणारा हात एकच होता. पवनारच्या आश्रमातली मंडळी चात्या घेऊन आली की मी चपळाईनं उजव्या चित्रावर तागाचा पडदा सोडायचो. मंडळी गेली की पडदा वर. मी तेव्हा बावीस-तेविशीचा होतो, लग्न झालेला, आमच्याकडच्या दंडारीच्या खेळांत राक्षसापासून राणीपर्यंत सगळी सोंगं वठवलेला. पडदा सोडण्यात मला जेवढा आनंद मिळे तेवढा कानस घासण्यात कधी मिळाला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत हसण्याजोगं थोडंच आहे.

दिवाळी होऊन गेली होती. ज्वारीच्या कणसांत दाणा भरत होता. आमचा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. आष्टीकडून येणाऱ्या मोटारीतून एक म्हातारा उतरला. साठीचा असेल. उंच, वाळलेला, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. ते त्यानं मामाच्या पुढ्यात असं ठेवलं की जणू मूल झोपलेलं आहे.

"मामाजी, हे सुधारता येईन का?"

घोंगडीतून रायफल निघाली. एका वेळी एकच काडतूस घेणारी, खालची दांडी ओढून उघडायची, जुनी विलायती.

"काय झालं इले?" मामानं विचारलं.

"गोळी सरळ जात नाई."

मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हतोच. म्हणालो, "काका, गोळी वाकडी जाते का नजर?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाकडे पाहिलं. "त्या लिंबावर होला बसला, तो उजव्या पायानं लंगडा हाय," तो म्हणाला. "अन् तुया कुडत्याचं खालून दुसरं बटन अर्धं फुटेल हाय. माई नजर नको काढू."

बटण खरंच फुटलेलं होतं. होल्याचं पाहायला मला रस्ता ओलांडून झाडाखाली जावं लागलं. होला लंगडा होता.

मामानं त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं सांगितलं ते असं.

तो आष्टीच्या पलीकडच्या डोंगराकडल्या गावचा. रानडुकरांपासून पीक राखायला सरकारनं त्याला परवाना दिलेला. कणसं भरायला लागली की गाव हाका घालायचं: एका बाजूनं माणसं डबे बडवत नाल्यात उतरत, डुकरं दुसऱ्या बाजूनं निघत, आणि तिथे मोहाच्या बुंध्याशी हा बसलेला असे. तीस वर्षांत त्याची गोळी चुकली नव्हती. आष्टीच्या बाजारात लोक पैज लावायचे, "त्याची गोळी चुकली तर मिशी काढतो." एकाचीही मिशी गेली नव्हती.

दसऱ्यानंतरच्या हाक्यात डुक्कर निघालं. यानं गोळी घातली. डुक्कर पळून गेलं, आणि दोन हात डावीकडे, हाक्याच्या टोकाला उभा असलेला याचा धाकटा भाऊ खाली बसला. आष्टीच्या वाटेवर, बैलबंडीतच, तो गेला.

पोलिसांनी पंचनाम्यात अपघात लिहिला. गावानंही तेच म्हटलं. पण तेराव्याच्या दिवशी भावाची बायको ओसरीवर आली. ती त्याच घरात वीस वर्षं नांदलेली. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको नवऱ्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे भासऱ्याला, तोंड दाखवत नाही आणि त्याच्याशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगते, भासरा ऐकतो. वीस वर्षं ती त्याच्यासमोर पदरानं तोंड झाकून वावरली होती. त्या दिवशी पदराआडूनच, पण थेट त्याला, पहिलं वाक्य बोलली.

"तुमची गोळी तं चुकत नाई."

एवढंच. दोघा भावांत मागल्या वर्षी बांधावरून बोलाचाली झाली होती, ती गावाला माहीत होती. पुढचं कुणी बोलायची गरज उरली नाही.

"मले सांगा मामाजी," म्हातारा म्हणाला, "बंदूक बिघडेल हाय का नाई. तिले सांगता आलं पाह्यजे का म्या जानून नाई मारलं."

मामानं एक काडतूस घेतलं आणि गोळीचं टोक नळीच्या तोंडात सोडलं. नळी चांगली असेल तर गोळी तोंडाशीच अडकते. ही पार पितळेपर्यंत आत गेली आणि वर सैल डुलायला लागली, झिजलेल्या भोकातल्या खुंटीसारखी.

मग मामानं नळी मागून उघडून उजेडाकडे धरली आणि मला पाहायला दिली. रायफलीच्या नळीत आतून स्क्रूसारखे फिरत गेलेले आटे असतात. त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते, आणि फिरते म्हणून सरळ जाते. मागून पाहिलं तर आटे असे धारदार की काल पाडल्यासारखे. पण पुढे, तोंडाजवळ चार बोटं, आटे नव्हतेच. तिथे नळी आरशासारखी गुळगुळीत होती आणि कर्ण्यासारखी किंचित पसरलेली.

दुपारी आम्ही तिघं मुरमाच्या एका जुन्या खाणीत गेलो. पवनारच्या बाजूला जायचं मामानं कटाक्षानं टाळलं. खाणीच्या भिंतीला आंब्याची फळी टेकवली आणि साठ पावलांवरून मामानं दगडावर बंदूक टेकवून तीन गोळ्या घातल्या. एक फळीला लागलीच नाही. दोन लागल्या. त्यांची भोकं गोल नव्हती. आडवी, लांबट, बोटभर, जणू कुणी पटाशीनं खोदली. भोवरा लडबडावा तशी गोळी हवेत आडवी होऊन गेली होती.

म्हातारा फळीजवळ गेला. एका भोकात त्यानं करंगळी घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"भावाची जखम अशीच होती," तो म्हणाला. "म्या पाह्यली. म्हनलं, गोल काऊन नाई?"

मामा म्हणाला, "झालं. ही फळी साक्षीदार. नळी दुसरी साक्षीदार. जा, तिच्यापुढे ठेव. तू निर्दोष हाय."

इथे खरं तर गोष्ट संपायची. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. पण मला शाबासकी हवी होती. मी पाहिलेलं, मला कळलेलं, मामाच्या आधी बोलून दाखवायचं होतं. नाटक्या माणसाला दुसऱ्यानं पडदा पाडलेला सोसत नाही.

"पन काका," मी म्हणालो, "ही गोळ्यांनी नाई झिजली. गोळ्यांनी झिजली असती तं मागून झिजली असती. ही तोंडाकडून झिजली. लोखंडी गज घालून, राख नाई तं इटेचा भुसा लावून कोनीतरी वर्षानुवर्षं घासली. या जातीच्या बंदुकीत मागून गज जातच नाई, तोंडातूनच घालावा लागते, तवा तेलाचा फडका नाजूक फिरवाचा असते. भांडं घासल्यासारखी घासली इले! कोन घासते घरी? ज्यानं घासली त्यानंच हे..."

मामानं माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

म्हातारा फळीकडेच पाहत राहिला. मग हळूहळू सांगत गेला, आम्हाला कमी, स्वतःला जास्त. दसऱ्याला घरच्या बायका हत्यारं घासून पूजेला मांडतात. आधी आई घासायची, मग त्याची बायको. बायको वारल्यावर ते काम भावजयीकडे आलं. पहिल्याच दसऱ्याला तो भावाला म्हणाला होता, "नळी आरशासारखी पाह्यजे." भावानं आत जाऊन निरोप दिला. तेव्हापासून ती दसऱ्यालाच नव्हे, दर आयतवारी घासायची. चुलीतली राख, गजाला काथ्या.

"आतून आवाज याचा," तो म्हणाला. "खर्र, खर्र. म्हनलं, एवढा गज चालते कशाले? पन भावजयच्या खोलीत भासऱ्यानं जाव कसं? तिले सांगाव कसं? भावाले सांगीन सांगीन म्हनलं, अन् राहून गेलं. चौदा वर्षं."

मामानं फळी उचलली आणि खाली ठेवली.

"मी सुटतो अन् ती अडकते," म्हातारा म्हणाला. "तिले काय सांगू मामाजी? तुयाच हातानं गेला?"

मामानं दुकानात परत येऊन, जणू आणखी काही झालंच नाही, बंदुकीचे उपाय सांगायला सुरुवात केली. मामाचं दुःख असंच कामातून बाहेर पडायचं. नवी नळी विलायतेहून आणवायची, तर परवानग्यांतच वर्ष जाईल. कलकत्त्याला काही कारागीर जुनी नळी कोरून तिच्यात आटे पाडलेली पातळ नळी बसवतात, पण तिकडे पाठवली तर ती चिठ्ठी लावून परत येते, आणि चिठ्ठीत सगळं लिहिलेलं असतं. आटे पूर्ण कोरून छऱ्यांची बंदूक करता येईल, पण मग परवाना बदलायला कचेरीत कारण सांगावं लागेल.

"अन् चौथं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तोंडाकडची चार बोटं कापून टाकाची. मागची नळी चांगली हाय. कापलं का गोळी सरळ."

"मंग झिजेल व्हती हे कोनाले दिसनार नाई?"

"कापल्यावर कोनाले काय दिसते?"

"कापा," म्हातारा म्हणाला. "अन् फळी जाळा."

मामा चिडला. "अबे, मग तू काय सांगशीन तिले? बंदूक चांगली, गोळी तुयी, अन् भाऊ मेला!"

"नजर गेली म्हनीन."

"तुयी? रस्त्यापलीकडचा होला लंगडा दिसते तुले!"

"कोनाले माहीत हाय? महिना झाला, कोपऱ्यातून उठलो नाई. नजर गेली म्हनलं तं म्या जानून नाई मारलं, अन् तिनंबी नाई मारलं. कोनीच नाई मारलं."

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी चूक केली होती, आणि सोंग शिकवण्यापलीकडे माझ्याकडे भरपाईला काही नव्हतं.

म्हातारा आमच्याकडे दोन दिवस राहिला. मामानं करवतीनं नळी कापली, कानशीनं काटकोनात आणली. पितळी स्क्रूचं गोल डोकं घासायच्या मसाल्यात बुडवून नव्या तोंडाची कड तासन्‌तास फिरवून गोल केली, नेम धरायची पुढची माशी काढून मागे सरकवली आणि डाख देऊन बसवली. खाणीत नेऊन तीन गोळ्या घातल्या. तिन्ही एका रुपयाखाली झाकल्या गेल्या.

तोवर मागच्या अंगणात माझी तालीम चालू होती. मी त्याला शिकवलं: बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, कानाकडे पाहायचं. चहाची बशी दिली तर आधी हवा चाचपायची. उंबऱ्याशी पाय उगाच उंच उचलायचा. हे सगळं त्यानं पटकन उचललं. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. कुठे काही हललं की डोळा तिकडे जायचा. सरडा पळाला, डोळा गेला. चिमणी उडाली, डोळा गेला. तीस वर्षं जो डोळा हलणाऱ्या जिवावर जगला, त्याला मी सांगत होतो की जीव हलला तरी तू हलू नको. मी त्याच्यासमोर कापसाची बोंडं फेकायचो, टिचक्या वाजवायचो, माकडउड्या मारायचो. मामी खिडकीतून पाहून हसायची. तोही एकदा हसला. मग तोंड झाकून बसला.

तालीम चालू असताना मामानं, कुणी न सांगता, कापलेली चार बोटं नळी घेतली आणि बाभळीच्या काठीचं टोक तासून त्यावर घट्ट ठोकली. शेंबीसारखी. "नजर गेल्याले काठी लागते," म्हणाला. "अन् ही तोटी कुठं फेकली तं कोनाले तरी सापडते. हातात राह्यली तं सापडत नाई." माझ्या आयुष्यात मी मामाची एवढी एकच थट्टा ऐकली, आणि ती थट्टा होती की नाही हे आजही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मोटार आली आणि तिच्यातून ती उतरली.

म्हातारा बंदूक घेऊन न सांगता गेला, म्हणजे काहीतरी लपवायला गेला, असं तिला वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसून, विचारत विचारत ती आमच्या पाटीपर्यंत पोचली होती. दुकानाच्या पायरीवर ती आमच्याकडे पाठ करून बसली. पदर इतका ओढलेला की नाकाची अणीही दिसू नये. चाळिशीची असेल. म्हातारा आत बाकावर, काठी गुडघ्यांत धरून.

"भाऊ," ती रस्त्याला म्हणाली, म्हणजे मला, "इचारा त्याइले, बंदूक इथं काऊन आनली?"

मी आत वळून म्हणालो, "बंदूक काऊन आनली इचारते."

"सांगा, तेलपानी कराले."

"तेलपानी कराले म्हनते."

"बिघाड सापडला का?"

"नाई," मी माझंच उत्तर दिलं. "बंदूक ठणठणीत."

"आना इकडे."

मी रायफल तिच्या मांडीवर ठेवली. तिनं नळीवरून हात फिरवला, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग थांबली. अंगठा आणि करंगळी ताणून तिनं वीत घातली, दोन, तीन, आणि पुढे बोटं हवेत राहिली.

"ही आखूड झाली," ती म्हणाली.

चौदा वर्षं घासलेली होती तिनं ती. तिच्या हाताला लांबी पाठ होती, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मामाची कानस थांबली. मला आतून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू आला.

"पडली ना बाई!" मी म्हणालो, आणि देवाशपथ, मला स्वतःला माहीत नव्हतं की पुढचं वाक्य काय येणार आहे. "काका मोटारीतून उतरले तं पायरीच दिसली नाई त्याइले. बंदुकीसकट तोंडावर! दगडावर नळीचं तोंड चेपलं. चेपेल तेवढं कापलं मामानं. काकाले लागलं नाई हे नशीब."

तिनं नळीच्या नव्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"पायरी दिसली नाई?"

"जवळचं दिसत नाई, दूरचंबी दिसत नाई. धुवा दिसते म्हनतेत. कोनाले सांगत नव्हते. शरम वाटे. त्या दिवशी हाक्यालाबी..." इथे मी थांबलो. कुठे थांबायचं हे सोंगात कळतं तेवढं मला आयुष्यात दुसरीकडे कधी कळलं नाही.

ती उठली. बंदूक पायरीवर ठेवली. दुकानात आली आणि बाकासमोर उभी राहिली, हातभर अंतरावर. वीस वर्षांत ती त्याच्या इतक्या जवळ आलेली नसणार. मी दाराशी होतो, मला दोघंही दिसत होते.

तिनं पदर मागे टाकला.

डाव्या गालावर भाजल्याचा जुना डाग होता. डोळे रडून रडून बारीक झालेले. केसांत पांढरं. ती त्याच्या डोळ्यांत पाहत होती आणि काहीतरी शोधत होती.

त्याच्या डोळ्यापुढे वीस वर्षांत पहिल्यांदा तो चेहरा उघडा झाला होता. आणि त्यानं पाहिलं नाही. डोळे तिच्या कानापाशी कुठेतरी ठेवून तो बसून राहिला. पापणी हलली नाही. बाहेर कडुलिंबावरून होला उडाला, तरी हलली नाही.

"कोन हाय?" तो म्हणाला. "मामाजी, कोनी आलं का?"

तिच्या तोंडातून आवाज आला, तो रडण्याचा होता की सुटल्याचा, मी सांगू शकत नाही. मग ती थेट त्याला म्हणाली, "मी हाय. चाला. मोटार निंघून जाईन. हात द्या."

त्यानं हात दिला, पण चुकीच्या बाजूला, हवेत. इतकं चांगलं काम मी दंडारीत कुणाचं पाहिलं नाही. तिनं तो हात हवेतून पकडला. उंबऱ्याशी त्यानं पाय उगाच उंच उचलला.

पुढचं थोडक्यात. त्यानं परवाना परत केला आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. मामानं एवढ्या कसबानं सरळ केलेली नळी कपाटात उभी राहिली. गावात दुसरा नेमबाज नव्हता. त्या सुगीला आणि पुढच्याही सुगीला डुकरांनी ज्वारी आडवी केली, आणि हा बांधावर बसून, लोक म्हणत, डुकरांचा आवाज ऐकायचा. ऐकायचा! साठ पावलांवरून डुक्कर त्याच्यासमोर कणसं मोडत असणार, त्याला त्याच्या कानावरचा केस न केस दिसत असणार, आणि त्याला मान वळवता येत नसणार. ती त्याला ताट वाढायची, घास कुठे आहे ते सांगायची. उघड्या तोंडानं. आंधळ्यासमोर कसला पदर.

दोन वर्षांनी मी आष्टीच्या बाजारात गेलो होतो. ती पुढे, तो मागे, एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. मी हाक मारली नाही, तिनंच ओळखलं. तो फार उतरला होता. तोवर त्याची नजर खरंच गेली होती की काय, मला कळेना. मी मुद्दाम त्याच्या तोंडासमोर टिचकी वाजवली. काही नाही. माझ्या शिष्यानं मला हरवलं होतं, किंवा देवानं त्याला हरवलं होतं.

"बरे हायेत ना काका?" मी विचारलं.

"बरे हायेत," ती म्हणाली. "कोनाशी बोलत नाई तेवढंच."

मी खाली पाहिलं. आष्टीच्या काळ्या धुळीत काठीचं टोक उभं होतं, आणि ती चार बोटं नळी अशी लखलखत होती की तिच्यात बाजाराचं आभाळ दिसत होतं.

"काठी मोठी चकाकते," मी म्हणालो.

"दर आयतवारी राखेनं घासून ठेवावं लागते," ती म्हणाली. "लोखंड हाय. नाई घासलं तं जंग चढते."

म्हाताऱ्याची बोटं काठीवर आवळली गेली. डोळे माझ्या कानापाशी होते.

तो गेल्याला बारा वर्षं झाली, तिला सात. आयुष्यभरात पोटात ठेवलेली ही एकच गोष्ट होती माझी.